गवताच्या हंगामाची अखेर

मार्गशीर्ष लागला कीं उत्तर कोंकणांतील वरकस जमिनी पिंगट दिसूं लागतात. भाताच्या उडव्या रचून झालेल्या असतात, आणि ज्याच्या पदरीं दोनचार एकर माळ आहे अशा लहान शेतकऱ्यापुढें हंगामाचें एकच काम उरतें. तें म्हणजे कापून वाळविलेलें गवत दाबून त्याच्या गासड्या बांधणें आणि त्या पाऊस, आग व व्यापारी या तिघांच्या तावडींतून सुखरूप ठेवणें. भातावर पुष्कळ लिहिलें जातें, आंब्यावर त्याहून अधिक. परंतु गवत आपोआप उगवतें म्हणून त्याला पीक समजण्याची आपल्यांत रीत नाहीं. सातबाऱ्यावर देखील त्याची नोंद बहुधा ‘गवतपड’ अशी होते, आणि ‘पड’ हा शब्द वाचला कीं मालकाच्याही मनांतून ती जमीन उतरते. वास्तविक ज्या घरीं दोन बैल आणि एक दुभती गाय आहे, त्या घरचा वैशाख कसा जावयाचा हें याच पंधरवड्यांत ठरतें.

प्रस्तुत लेखकाची महसूल खात्यांतील कारकुनी संपली, तेव्हांपासून मुरबाडकडील आमची साडेतीन एकर वरकस तो स्वतः पाहतो. तेथील अनुभव व वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलें, यांस हल्लींच्या ज्ञानाची जोड देऊन पुढील मजकूर लिहिला आहे.

आपल्या बाजूचा गवताचा धंदा मुंबईच्या जोरावर वाढला. पश्चिमेकडील लोहमार्ग १८६४ सालीं मुंबईस जाऊन मिळाला. १८७४ सालीं मुंबईंत ट्राम सुरू झाली ती घोड्यांची. आणि विजेची ट्राम १९०७ सालीं येईपर्यंत, व त्यानंतरही टांगे, व्हिक्टोरिया, खटारे व म्हशींचे तबेले यांच्या पायीं, शहराची गवताची भूक मोठी होती. रेल्वेच्या वाघिणींत सुटें गवत भरणें म्हणजे वारा भरून पाठविणें. म्हणून दाबाचीं यंत्रें आलीं आणि स्टेशनाजवळ गवताच्या वखारी उभ्या राहिल्या. या वैभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गवत कापणारा वारली अर्धपोटीं राहून कापीत होता. १९४५ च्या हंगामांत किसान सभेच्या पुढारीपणाखालीं त्यानें ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मागितली व कोयता खालीं ठेवला. त्या ऑक्टोबरांत तलवाडा येथें जमलेल्या लोकांवर गोळीबार होऊन माणसें प्राणांस मुकलीं. गोदावरी परुळेकर यांनीं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथांत ती हकीकत लिहून ठेविली आहे. मजुरीचा वाद वजनावरून होता, हें येथें मुद्दाम नमूद करतों. कारण गवताच्या व्यवहारांत आजही सारें भांडण वजनाचेंच असतें. त्याविषयीं पुढें येईल.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. पवना, शेडा, मारवेल, डोंगरी हीं आपल्या माळावरचीं चांगलीं गवतें. फुलोऱ्यांत असतांना कापलेल्या गवतांत प्रथिनांचें प्रमाण साधारणपणें शेंकडा ५ ते ६ असतें; तेंच गवत उभें वाळूं दिलें तर २ ते ३ वर उतरतें आणि काडी लांकडासारखी होते. परंतु फुलोऱ्याचा काळ म्हणजे भाद्रपद-आश्विन. तेव्हां आकाशाचा भरंवसा नसतो व माणसें भातकापणींत गुंतलेलीं असतात. त्यामुळें लहान शेतकऱ्याच्या हातून निम्में गवत वेळेवर व निम्में उशिरां कापलें जाणें हें ठरलेलेंच. त्याबद्दल हळहळण्याचें कारण नाहीं. मात्र दोन्ही गवतें एका गंजींत मिसळूं नयेत. हिरवट झांक असलेलें, पानें टिकलेलें लवकरचें गवत वेगळें दाबावें व त्या गासड्यांस वेगळ्या रंगाची दोरी बांधावी. दुभत्या गाईपुढें तें ठेवावयाचें. उशिरांचें, पिवळें, काड्याचें गवत विक्रीस किंवा बैलांस. कुसळी गवत कुसळें धरण्यापूर्वीं कापलें असेल तर ठीक. कुसळें आल्यावर तें जनावरांच्या तोंडांत व घशांत रुततें आणि शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यांत शिरतें. असलें गवत दाबून घरीं आणण्यापेक्षां पुढील सालच्या राबासाठीं माळावरच राहूं द्यावें हें बरें.

गासड्या बांधण्याच्या कामांत सर्वांत मोठी गोष्ट वाळवण ही आहे, आणि तींतच घाई होते. कापतांना गवतांत शंभरांत साठ भाग पाणी आहे असें धरा. तें १५ भागांवर आणावयाचें तर १०० किलो ओल्या गवताचें सुमारें ४७ किलो वाळलेलें गवत होतें. म्हणजे निम्म्याहून अधिक वजन उन्हांत उडून जावें लागतें. ज्याला वजनावर विकावयाचें आहे त्याच्या जिवावर हें येतें, आणि तो गवत थोडें ‘कोंवळें’ असतांनाच दाबतो. हिशेब पाहा. २० किलोची गासडी १५ टक्के ओलाव्याची असेल तर तींत कोरडें सत्त्व १७ किलो. तेंच १७ किलो सत्त्व २५ टक्के ओलाव्यावर दाबलें तर गासडी २२ किलो ६७० ग्रॅम भरते. म्हणजे एका गासडीमागें पावणेतीन किलोचा आंतबट्ट्याचा नफा, आणि त्या नफ्यासाठीं सगळी गंजी पणास लावणें.

ओल्या गासडींत काय होतें तें समजून घेतल्याशिवाय ही भीति खरी वाटत नाहीं. कापलेली काडी कांहीं काळ श्वास घेत असते, त्यानें ऊब येते. मग बुरशी व सूक्ष्म जंतु त्या उबेंत वाढतात आणि उष्णता ५५ ते ६० अंशांवर नेतात. त्यापुढें उष्णताप्रिय जंतूंचें राज्य सुरू होऊन ती ७० पर्यंत जाते; आणि त्याहून वर गेल्यावर जंतु मरतात खरे, पण गवतांत रासायनिक ज्वलनच सुरू होतें. काडीपेटी कोणीही न लावतां गंजी पेटते ती अशी. हा धोका दाबल्यापासून पहिल्या सहा आठवड्यांत असतो, त्या दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं नव्हे. म्हणून आग लागल्यावर शेजाऱ्याचा संशय येतो. आमच्या कचेरींत असे अर्ज येत, आणि अर्जांत बहुधा भाऊबंदांचीं नांवें असत. पंचनाम्याला जाऊन राख चाळली असतां मधला गाभा आंतून काळा, कोळशासारखा भाजलेला आणि बाहेरची कड मात्र त्या मानानें कमी जळलेली दिसे. आग आंतून बाहेर आली याची ती खूण. पण ती खूण वाचण्यापूर्वींच दोन घरांचें बोलणें तुटलेलें असे.

ओलावा ओळखण्याच्या घरगुती रीती सोप्या आहेत. मूठभर गवताचा पीळ घालावा. काडी कडकन् मोडली तर वाळली, नुसती वांकली तर नाहीं. पेऱ्यावर नखानें खरवडावें. साल निघून आंत ओल लागली तर थांबावें, कारण पेरें सर्वांत शेवटीं वाळतें. याहून खात्रीची रीत मिठाची. रुंद तोंडाची कोरडी कांचेची बरणी घ्यावी, तींत गवताचे बारीक तुकडे निम्म्यापर्यंत भरावे, दोन चमचे अगदीं कोरडें मीठ टाकावें, झांकण लावून दोनतीन मिनिटें हलवावें. मीठ सुटेंच राहिलें तर ओलावा १५ टक्क्यांच्या आंत आहे, दाबण्यास हरकत नाहीं. मिठाच्या गुठळ्या झाल्या तर आणखी एक ऊन द्यावें. मीठ पावसाळ्यांतलें ओलसर असेल तर तव्यावर भाजून घ्यावें, नाहींतर परीक्षा फुकट. ही परीक्षा माळाच्या एकाच टोंकास घेऊन भागत नाहीं. सांवलींतला, ओढ्याकांठचा भाग नेहमींच मागें राहतो.

कार्तिक-मार्गशीर्षांत पहाटेचें दंव भरपूर पडतें. तेव्हां गवत दुपारीं उलटावें, ऊन कलण्यापूर्वीं ढीग घालावे, व सकाळीं दंव उडाल्यावर पुन्हां पसरावें. उघड्या उन्हांत आठ-आठ दिवस पसरून ठेवल्यानें तें पांढरें पडतें आणि जीवनसत्त्व ‘अ’ ज्यापासून मिळतें तें द्रव्य नाहींसें होतें. म्हणून वाळलें कीं उचलावें. आणि पावसाचें सांगावें तर, नोव्हेंबर लागला म्हणजे आतां पाऊस गेला हें जुनें गणित आतां धरूं नये. ११ नोव्हेंबर २००९ रोजीं ‘फयान’ चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आलें. २०१९ च्या ऑक्टोबर-अखेरीस पावसानें कापलेलें भात खाचरांत उगवलें. ढगाची चाहूल लागतांच पसरलेलें गवत ढिगांत घेऊन वर ताडपत्री टाकण्याइतकीं माणसें हाताशीं ठेवावींत. भिजलेलें गवत वाळवून पुन्हां वापरतां येतें. परंतु तें विकण्याच्या गासड्यांत मिसळणें म्हणजे पुढच्या वर्षींचें गिऱ्हाईक घालविणें होय.

लहान शेतावर यंत्र घेण्याची आवश्यकता नाहीं. तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी जाड फळ्यांची पेटी, एका बाजूस बिजागरीचें दार, आणि वरून दाबण्यास लांकडी तरफ, इतकें सुताराकडून करून घ्यावें. दोऱ्या पेटींत आधीं आडव्या टाकून मग गवत थराथरानें भरावें, प्रत्येक थर पायानें तुडवावा व शेवटीं तरफ दाबून दोऱ्या आंवळाव्या. आमच्या पेटींत २० किलोच्या आसपास गवत बसतें. दोन माणसांची जोडी जमली कीं काम चांगलें चालतें. तिसरा माणूस भारे आणण्यास लागतो.

दोरीबद्दल मात्र दोन शब्द अधिक लिहितों. व्यापारी तार मागतो, कारण ती ढिली होत नाहीं. घरच्या गासड्यांस तार मुळींच वापरूं नये. तोडलेल्या तारेचा तुकडा गव्हाणींत पडतो, गाय तो गवताबरोबर गिळते, आणि तो पोटाच्या जाळीदार कप्प्यांत अडकून पुढें भिंत भेदून हृदयापर्यंत पोंचतो. गाय खाणें सोडते, दूध आटतें, आणि कारण कळेपर्यंत ती दगावते. प्लास्टिकची सुतळी तशीच वाईट. ती पोटांत गोळा होऊन राहते. काथ्या किंवा तागाची सुतळी घ्यावी, आणि सोडलेली दोरी तेथल्या तेथें खुंटीवर टांगावी.

गंजी जमिनीवर रचूं नये. खालीं दगड मांडून त्यांवर लांकडें टाकावींत, म्हणजे ओल व वाळवी दोन्ही अडतात. नवीन गासड्या पहिले काहीं दिवस मध्यें फटी ठेवून रचाव्या. रचतांना एक लांब लोखंडी कांब गंजीच्या गाभ्यापर्यंत खुपसून ठेवावी आणि पहिला दीड महिना दोन दिवसांआड ती अर्धा तास आंत ठेवून बाहेर काढून पाहावी. हातास नुसती कोमट लागली तर चिंता नाहीं. हातांत धरवत नसेल तर गंजी उकलण्याची वेळ झाली. परंतु तापलेली गंजी उघडतांना आंत वारा शिरून ती एकदम पेट घेते, म्हणून पाण्याचे हंडे व माणसें जवळ असल्याशिवाय पहिली गासडीही ओढूं नये, आणि कोणीही गंजीच्या माथ्यावर चढूं नये, कारण आंतून पोकळ झालेली गंजी खचते. भाजलेल्या साखरेसारखा किंवा तंबाखूसारखा वास हीही सूचनाच आहे.

आतां विक्री. आमच्याकडे व्यापारी तीन रीतींनीं गवत घेतो : उभ्या माळाचा उक्ता सौदा, गासडीच्या नगावर, आणि वजनावर. उभ्या माळाच्या सौद्यांत मालकाला कष्ट नाहींत, पण कापणीची वेळ व्यापाऱ्याच्या हातीं जाते, आणि तो गवत वाळून उभें राहीपर्यंत येत नाहीं. नगावरच्या विक्रींत गासडी केवढी, यावर तंटा होतो. माझ्या मतें वजन हीच रीत खरी, मात्र कांटा दोघांच्या डोळ्यांदेखत असावा. एका वर्षीं आमच्या गवताचें वजन माळावर एक व वखारींत दुसरें भरलें. फरक ‘वाटेंत सुकलें’ म्हणून सांगण्यांत आला. १५ टक्के ओलाव्याचें गवत एका रात्रींत मणामागें दोन किलो सुकत नाहीं, हें सांगण्यापुरती मिठाची बरणी माझ्याजवळ होती व ती उपयोगी पडली. तेव्हांपासून दर दहावी गासडी माळावर टांगत्या कांट्यानें तोलतों, आंकडा वहींत लिहितों, आणि गाडी भरण्यापूर्वीं खरीददाराची सही घेतों. हाच कांटा कापणाऱ्यांसाठींही वापरावा. भाऱ्यावर मजुरी ठरविली तर मालक म्हणतो भारे लहान, मजूर म्हणतो भारे मोठे; वाळलेल्या गवताच्या किलोवर ठरविली तर बोलणेंच राहत नाहीं. कातकरी व ठाकूर मंडळी या हिशेबावर खूष असतात, आणि पुढल्या वर्षीं न बोलावतां येतात. हल्लींच्या दिवसांत वेळेवर माणूस मिळणें हेंच अर्धें गवत.

किती विकावें आणि किती राखावें, हा प्रश्न दर विचारण्यापूर्वींच सोडविला पाहिजे. दिवाळीनंतर घरांत पैशाची ओढ असते, आणि व्यापाऱ्यास ती ठाऊक असते. दोन बैल, एक गाय व एक कालवड असलेल्या घराचा हिशेब मांडतों. मोठ्या तीन जनावरांस रोज ६ किलो व कालवडीस ३ किलो, मिळून २१ किलो कोरडी वैरण. डिसेंबराच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत १८० दिवस धरले तर ३७८० किलो. दीड एकर भाताचा पेंढा सुमारें १८०० किलो धरला तर उरले १९८० किलो. पाऊस लांबला तर म्हणून एक महिन्याचे ६३० किलो जास्त. एकूण २६१० किलो, म्हणजे २० किलोच्या १३१ गासड्या, आणि नासाडीचा दहावा हिस्सा धरून सुमारें १४५. एवढ्या मोजून गोठ्याकडे लावाव्या, आणि बाकीच्यांचाच सौदा करावा. कार्तिकांत विकलेलें गवत ज्येष्ठांत परत विकत घेणाऱ्यांची घरें मी पाहिलीं आहेत. घेतांना दर तर चढतोच, वर गाडीभाडें आपल्या माथीं पडतें. काड्याच्या गवतास आंब्याच्या पेट्यांत भरण्यासाठींही माघ-फाल्गुनांत मागणी येते. तेव्हां तें गडबडीनें काढण्याचें कारण नाहीं.

राखलेलें गवत निकृष्ट असेल तर त्यावर युरियाची प्रक्रिया करतां येते. १०० किलो कोरड्या वैरणीस ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यांत पूर्ण विरघळवून थराथरावर सारखा शिंपडावा, तुडवून हवा काढावी, प्लास्टिकनें घट्ट झांकावें व २१ दिवस उघडूं नये. उघडल्यावर रोजची वैरण तासभर पसरून वास उडूं द्यावा, व प्रथम थोडी थोडी देऊन संवय लावावी. सहा महिन्यांखालील वासरांस ती देऊं नये. युरियाचें पाणी किंवा सुटा युरिया जनावराच्या तोंडीं लागला तर विष होतें. पिंप उघडें ठेवून जेवावयास जाणें नको.

कागदपत्रांविषयीं, जुन्या संवयीनें, थोडें लिहितों. २०२१ पासून पीकपाहणीची नोंद शेतकऱ्यास स्वतः मोबाईलवरून करतां येते. तींत आपल्या वरकसावरील गवताची नोंद वेळेवर पाहावी. गंजींत गासड्या किती, वजन काय, रचल्याची तारीख कोणती, हें वहींत लिहून गांवांतील एका माणसास दाखवून ठेवावें. नुकसानीच्या पंचनाम्यांत ‘अंदाजें’ या शब्दाला कोणी किंमत देत नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणें वनांतून आणलेलें गवत हें वनोपज आहे. आपल्या मालकीच्या वरकसांतील गवतास तें लागू नाहीं. परंतु गाडी नाक्यावर थांबविली असतां हें तोंडानें सिद्ध होत नसतें. गाडीवानाजवळ सातबाऱ्याची नक्कल देऊन पाठवावें. ज्यांची हद्द वनास लागून आहे त्यांनीं कापणीपूर्वीं हद्दीचीं निशाणें पाहून घ्यावीं.

शेवटची गासडी बांधल्यावर पेटीची तरफ व बिजागऱ्या तेल देऊन छपराखालीं ठेवाव्या. गंजीभोंवतीं दहा हात रुंद पट्टा गवत खरवडून मोकळा करावा, कारण माघानंतर राब भाजण्याचे दिवस येतात व ठिणगीला हद्द कळत नाहीं. माळाच्या उंच बाजूस पवन्याचा एक पट्टा न कापतां ठेवावा, त्याचें बीं पिकून गळूं द्यावें, आणि तें गळाल्यानंतरच गुरें माळावर सोडावींत.